तेल मुरेपर्यंत

“आणि नव्या फरशीवर माणसं पडत नाहीत, असं तुला सांगितलं कुणी?”

“नव्या फरशीला तेल तरी लावावं लागत नाही ना, आई!” मुलगा आता हातवारे करून बोलायला लागला होता. भिंतीला टेकवून ठेवलेल्या नमुन्यांतला एक त्याने उचलला आणि तिच्या नाकासमोर धरला. दुधी रंगाची, आरशासारखी चकचकीत फरशी. “ही बघ. काहीही सांडू दे, एक फडकं मारलं की संपलं. तेल नको, मेण नको, काही नको.”

“माझं तोंड दिसतंय त्यात. मला जमिनीत तोंड बघायची हौस नाही.”

“विषय बदलू नकोस.”

“विषय फरशीचाच चाललाय.”

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती सहसा भांडणात पडत नसे. बाहेर उभी राहून कोण जिंकतंय ते बघत असे. आज मात्र ती म्हणाली, “आई, प्रश्न आवडीचा नाहीये. बाबांचं खुब्याचं हाड मोडलंय. पुन्हा पडले तर डॉक्टर हात टेकतील. घरात दिवसभर तुम्ही दोघंच. आम्ही कामावर जीव टांगणीला लावून बसायचं का?”

“तिला काय समजावतेस?” लेक म्हणाली. ती शहराच्या दुसऱ्या टोकाहून सकाळीच आली होती आणि बापाच्या खाटेशी बसून संत्रं सोलत होती. “तिला आधी फरशी, मग माणसं. मला माहीत आहे तेवढं तुम्हा दोघांना नाही माहीत.”

खाटेवरून मुकादम खाकरले. त्यांना काही बोलायचं असलं की ते आधी खाकरत, मग सगळे आपल्याकडे बघतायत ना याची खात्री करत.

“अरे, उगीच घसा कशाला कोरडा करता? तिला सरळ विचारा, फरशी पाहिजे का नवरा?” थोडं थांबून ते म्हणाले, “घाई नका करू. विचार करायला वेळ द्या तिला.”

सगळे हसले. सूनबाईसुद्धा तोंडावर हात घेऊन हसली. मुकादमांची बायको तेवढी हसली नाही, पण मुकादमांच्या विनोदाला ती हसत नाही हे घरात जुनंच होतं, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही.

लेक मात्र लगेच गंभीर झाली. “हसण्यावारी नका नेऊ, बाबा. एक वर्ष तेल नसतं लावलं तर काय आभाळ कोसळणार होतं? आणि लावलंच होतं, तर तोंडाने सांगायला काय झालं होतं? एवढंच सांगायचं, की ओलं आहे.”

मुकादम संत्र्याची फोड चघळत छताकडे बघत राहिले.

“रविवारी माणसं येतील,” मुलगा नमुना परत भिंतीला टेकवत म्हणाला. “मी सांगून आलोय. ताई, तूही ये. बाबांना तेवढा दिवस आत हलवावं लागेल.”

“माझी फरशी उखडायची नाही,” ती म्हणाली.

“तुझी!” लेक म्हणाली. “बघा.”

मुकादम हे काही त्यांचं नाव नव्हे. मालधक्क्यावर हमालांच्या टोळ्या कामाला लावण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. निवृत्त झाले तरी गल्ली त्यांना मुकादमच म्हणायची. कुणाच्या घरी काही अडलं की मुकादमांना बोलवा, कुठे दुखवट्याला बसायचं असलं की मुकादमांना पुढे करा. रडणाऱ्यालासुद्धा ते हसवून येत. असा माणूस कुणाला नको असतो? घरात मात्र त्या विनोदांना खायला रोज काहीतरी लागायचं, आणि ते तिलाच पुरवावं लागायचं. ते तिला ‘फरशीवाली’ म्हणत. पाहुण्यांसमोर म्हणत, भाजीवाल्यासमोर म्हणत. तिचं खरं नाव इतकं कमी वापरलं गेलं होतं, की दवाखान्यात कुणी पुकारलं तर ती क्षणभर इकडेतिकडे बघत राहायची.

हे नाव पडलं घर बांधलं तेव्हा. जागा मुकादमांनी घेतली, नकाशा त्यांनी करून घेतला. खिडक्या कुठे, मोरी कुठे, जिना कुठून, सगळं त्यांनी ठरवलं. स्वयंपाकघराचा ओटासुद्धा स्वतःच्या कमरेच्या मापाने बांधून घेतला. त्या ओट्याशी ते जन्मात कधी उभे राहिले नाहीत, आणि तिने पायाखाली पाट घेऊन सगळा संसार केला. फरशीची वेळ येईपर्यंत ते कंटाळले होते. “फरशी तू बघ,” म्हणाले. कंटाळ्यापोटी का होईना, त्या घरातली एक गोष्ट तिच्या वाट्याला आली.

तिचं लहानपण वडिलांच्या बदल्यांमध्ये गेलं होतं. प्रत्येक घरातली जमीन आधीच्या कुणीतरी खराब करून ठेवलेली. सिमेंटचे पोपडे, फुटक्या लाद्या, कोपऱ्यात कुणाच्या तरी शाईचे डाग. त्यातल्या एकाच घरात भाजक्या मातीची लाल फरशी होती. उन्हाळ्यात ताप आला म्हणून ती त्या फरशीवर पालथी पडून राहिली होती, गाल टेकवून. ते घर वर्षभरात सुटलं. पण ‘फरशी तू बघ’ म्हटल्यावर तिला दुसरं काही सुचलंच नाही.

ती गवंड्याला घेऊन शहराबाहेरच्या भट्टीवर गेली. भट्टीवाला तिला फरश्यांच्या थप्प्या दाखवत होता आणि ती एकेक फरशी उचलून, बोटांवर तोलून, दुसऱ्या हाताच्या पेराने वाजवून बघत होती. नीट भाजलेली खणखणीत वाजते. कच्ची राहिलेली बद्द बोलते. तिचा रंगही फिका, नारिंगीकडे झुकणारा. जास्त भाजलेली काळपट पडते आणि तिच्यात वाक येतो. दोन फरश्या तोंडाला तोंड लावून धरल्या आणि हलल्या, की समजायचं, वाकडी आहे. पाठीवर पाण्याचा थेंब टाकला तर तो हळूहळू आत गेला पाहिजे, गटकन नव्हे. हे तिला गवंड्याने जाता जाता सांगितलं होतं. ते सांगून तो स्वतः पस्तावला, कारण संध्याकाळ झाली तरी ती वाजवतच होती.

“बाई,” भट्टीवाला शेवटी म्हणाला, “नवरा निवडताना एवढं वाजवून बघितलं होतं का?”

“तेव्हा हातात दिला नव्हता कुणी,” ती म्हणाली.

भट्टीवाला इतका हसला की त्याने वाहतूक फुकट करून दिली. मुकादमांना तिने हे कधी सांगितलं नाही. तो तिने केलेला बहुधा एकुलता एक विनोद, आणि तो घरात आणायचा तिला धीर झाला नाही.

फरशी बसवताना ती गवंड्याच्या मागे गुडघ्यांवर सरकत गेली. सांध्यातलं सिमेंट फरशीवर सांडलं आणि वाळलं, तर ती ते पिऊन टाकते आणि जन्मभर राखाडी दिसते. म्हणून ओल्या स्पंजाने लगेच पुसायचं. एका थप्पीतल्या फरश्या एका जागी लावायच्या नाहीत, चार थप्प्यांतल्या मिसळायच्या, म्हणजे रंगाचं ठिगळ दिसत नाही. सगळं नीट झालं. आणि महिन्याभरात फरशीवर पांढरा खार फुटला.

“फरशीवाली, तुझ्या फरशीचे केस पिकले,” मुकादम म्हणाले. येणाऱ्याजाणाऱ्याला त्यांनी ती म्हातारी फरशी दाखवली. घरभरणीला आलेल्या त्यांच्या बहिणीने सल्ला दिला, “वहिनी, अॅसिडने धुऊन काढा.” तिने धुतली नाही. आतली ओल बाहेर पडतेय तोवर खार येतच राहणार. त्यावर पाणी घातलं तर आणखी येणार, आणि त्यावर तेल लावलं तर तो खाली कायमचा कोंडला जाणार. ती रोज कोरड्या ब्रशने खार झाडायची आणि थांबायची. एक सबंध ऋतू ती थांबली. खार यायचा बंद झाला तेव्हा तिने जवसाच्या तेलात टर्पेंटाइन मिसळलं, डबा गरम पाण्यात ठेवून कोमट केला आणि सुती फडक्याने फरशीला चोळलं. फरशीने तेल पिऊन टाकलं. पुन्हा लावलं, पुन्हा प्यायली. आता नको, असं ती म्हणेपर्यंत लावायचं, आणि वर राहिलेलं तेल चिकट व्हायच्या आत पुसून घ्यायचं. त्या दिवशी फरशीला जो रंग आला, तो बघायला घरात दुसरं कुणी नव्हतं. मुकादम कामावर, मुलं शाळेत. ती दारात बसून एकटीच बघत राहिली. दुसरं कुणी बघावं असं तिला वाटलंही नाही.

पुढे तो नेमच झाला. रोज मऊ केरसुणी, मग घट्ट पिळलेलं फडकं. साबण नावापुरता. आंबट काही सांडलं तर त्याच क्षणी टिपायचं. तेलकट डाग पडला तर खडूची पूड पसरून ठेवायची, ती डाग ओढून घेते. चपला दाराबाहेर. ही शेवटची अट मुकादम सोडून सगळ्यांनी पाळली.

आता खरं सांगायचं तर तिच्या या नेमाचा जाच पोरांनाही झाला. लेक शाळेत जात होती तेव्हा एकदा तिच्या हातून उकळत्या दुधाचं पातेलं निसटलं. दूध पायावर आणि फरशीवर एकदमच सांडलं. आई धावत आली, फडकं घेऊन. फडकं आधी फरशीवर पडलं. पोरीचा भाजलेला पाय तिला नंतर दिसला. नंतर म्हणजे किती, एक श्वास. पण तेवढ्या श्वासात पोरीने जे बघायचं ते बघितलं, आणि पुढे लग्न होऊन दोन लेकरांची आई झाली तरी ते तिच्या डोळ्यांपुढून गेलं नाही. ती माहेरी आली की दारात चपला काढताना अजून खाली बघत नाही.

वर्षातून एकदा, कोरडी हवा सुरू झाली की, तेल लावायचा दिवस यायचा. त्या दिवशी बाहेरच्या खोलीत दारापासून आतल्या उंबऱ्यापर्यंत विटांवर फळी टाकलेली असे. मुलं सर्कशीतल्यासारखी हात पसरून फळीवरून जात. मुकादम फळीवरून कधी गेले नाहीत. ते दारात दिसले की ती आतून हाक मारायची, “थांबा, ओलं आहे!” हाक आली की ते चौकट धरून थांबत, तिच्याकडे बघून हसत, आणि मग जपून, टाचा टेकत टेकत, चपलांसकट मधूनच चालत येत. त्यांच्या मागे ठशांची रांग. ती पुन्हा फडकं घेऊन बसायची. “माझी सही झाली,” ते म्हणत. “आता पक्की झाली फरशी.” इतकी वर्षं हे असंच चालत आलं होतं. ती हाक मारते आणि ते ऐकत नाहीत, असं सगळेच म्हणत. पण ते ऐकत होते. हाक आली म्हणजे ओलं आहे, जपून पाय टाकायचा; हाक नाही म्हणजे वाळलं. एरवी त्यांना कळणार तरी कसं? तेलाचा वास घरात आठवडाभर असायचाच.

यंदा मुलगा-सून कामावर होती. मुकादम मित्राकडे पत्ते खेळायला गेले होते, संध्याकाळशिवाय येणार नव्हते. दिवसभर कुणी येणार नाही, मग फळी कशाला टाकायची, म्हणून तिने टाकली नाही. गुडघे आता पूर्वीसारखे राहिले नव्हते; एकेक ओळ करत ती आतल्या उंबऱ्यापर्यंत आली होती आणि तिथे बसून तेल मुरायची वाट बघत होती. खिडकीतून फाटक दिसत होतं. फाटक वाजलं. मित्र घरी नव्हता बहुतेक. मुकादम आले, दारात उभे राहिले, चौकटीला हात लावला, आणि तिच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर ते हसू तयार होतं.

तिने हाक मारली नाही.

मनात डाव नव्हता. पडू दे, असंही मनात आलं नाही. मनात काहीच आलं नाही, आणि पुढे तिला तेच खुपत राहिलं. ती त्यांच्याकडे बघत होती, ते तिच्याकडे बघत होते. मग वाळलं असणार असं धरून त्यांनी चौकट सोडली आणि नेहमीसारखा ढांगेने पाय टाकला.

हाड मोडल्याचा आवाज तिला ऐकू आला. उठताना तिने हातातल्या फडक्याची घडी केली, आणि ती बाजूला ठेवून मग ती त्यांच्याकडे गेली.

दवाखान्यात मुकादम सगळ्यांना सांगत होते, “बायकोने तेल लावलं फरशीला, आणि मालिश झाली माझी.” नर्सा हसायच्या. लेक रडत रडत हसायची. बायको औषधं आणत होती, डबे आणत होती, रात्री बाकावर बसून राहत होती. त्या न मारलेल्या हाकेविषयी त्यांनी कुणाकडे चकार शब्द काढला नाही. त्यांच्या लक्षात आलं नसेल, असं तिने स्वतःला समजावून टाकलं होतं.

भांडणाच्या दुसऱ्या दिवशी घरात दोघंच उरली. तिने त्यांना कुशीवर वळवलं, पाठ पुसली, पावडर लावली. ती ताट उचलायला वाकली तेव्हा ते म्हणाले, “तू बघितलं होतंस मला.”

तिने ताट उचललं.

“फाटकापासून बघितलं होतंस. बसली होतीस उंबऱ्यात, देवीसारखी.”

“भात संपवायचा होता तुम्ही.”

“तू हाक मारली नाहीस,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. रोजचा व्यवहार बोलावा तसं बोलत होते. “मी कुणाला सांगितलं नाही. पोरांना आईविषयी असलं काही ऐकायला बरं वाटणार नाही. हो ना?”

तिने ताटातला उरलेला भात एका कडेला सारला.

“रविवारी माणसं येतायत. फरशी जाऊ दे. मीही विसरतो. अळीमिळी गुपचिळी.”

“आणि नाही जाऊ दिली तर?”

“तर ताई येणारच आहे. तिला कुणी पढवायला नको. ती आधीच अर्धं समजून बसलीय.” मग ते एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाले, “मला दिवसभर हिच्याकडे बघत पडावं लागतं. मान वळवली की ही. मला नको ही डोळ्यासमोर.”

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ते तिच्याजवळ काहीतरी मागत होते. पण मागायचं म्हणजे कसं ते त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी त्याचा सौदा केला होता.

त्या आठवड्यात तिने कामाला हात आखडता घेतला नाही. अंथरूण बदललं, भांडं दिलं, पाय चेपले. त्यांच्याशी बोलायचं तेवढं बोलली. फरशीसुद्धा रोज पुसली. पुसताना खाटेवरून ते बघत असायचे, आणि ती खाटेखाली हात घालून पुसायची तेव्हा दोघांच्या तोंडात फार थोडं अंतर असायचं. पोरांना काय वाटेल हा विचार ती रोज एकदा करून बघायची. मुलगा पंधरा दिवस बोलणार नाही आणि मग गरजेपुरतं बोलेल. सून सावध होईल. लेक मात्र म्हणेल, मला माहीतच होतं. हे तिसरं तिला सगळ्यात जड जात होतं. त्यापेक्षा फरशी गेलेली बरी, असं तिने शुक्रवारपर्यंत जवळजवळ ठरवलंही होतं. फरशी काय, मातीच ती. गवंडी दिवसात उखडतील. नवीनवर सून फडकं मारेल. जगात काय कमी घरं आहेत तसली?

शनिवारी व्यायाम शिकवणारा माणूस येऊन गेला आणि म्हणाला, आता रोज खाटेपासून खुर्चीपर्यंत चालवा, वॉकर धरून. दुपारी तिने त्यांना उभं केलं. ती एक पाऊल मागे, हात त्यांच्या कमरेशी. मुकादम पुढे सरकायला लागले, घामाघूम, ओठ आवळलेले. खुर्चीशी सुनेने जाजम टाकलं होतं, बाबांच्या पायांना गार लागू नये म्हणून. जाजमाचा कोपरा दुमडला होता. वॉकरचा रबरी पाय त्या दुमडीकडे निघाला होता.

तिने ते बघितलं. वॉकर उचलला गेला, पुढे आला. तिने तेही बघितलं. सांगायला पुरेसा वेळ होता. ‘जाजम’ एवढा एकच शब्द. तिचं तोंड बंद होतं, आणि हात, तिच्या लक्षात आलं, त्यांच्या कमरेपासून सुटून तिच्या स्वतःच्या पोटाशी आले होते.

मुकादमांनीच खाली बघितलं. वॉकर हवेत थांबला. त्यांनी तो सावकाश बाजूला टेकवला, आणि मान वळवून तिच्याकडे बघितलं. त्या तोंडावर विनोद नव्हता. खाकरणं नव्हतं. मालधक्क्यावर ओझं वरून सुटलेलं दिसल्यावर हमालाचं तोंड व्हावं, तसं ते झालं होतं.

“मला बसव,” ते म्हणाले.

तिने दोन्ही हातांनी धरून त्यांना बसवलं. जाजमाची घडी करून ते खाटेखाली सारलं. संध्याकाळी सून आली तेव्हा ते तिला म्हणाले, “पाणी तू दे गं, पोरी.” रात्रीच्या गोळ्यासुद्धा त्यांनी सुनेच्याच हातून घेतल्या. फरशीचा विषय काढला नाही. सौदा संपला होता. ‘मीही विसरतो’ हे त्यांना आता म्हणता येणार नव्हतं, म्हणजे विकायला त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं. आणि ती आत भांडी विसळत उभी होती, पाटावर, त्यांच्या मापाच्या ओट्याशी. तिला फरशी आठवत नव्हती. आपले हात पोटाशी आलेले तेवढे आठवत होते.

रविवारी सकाळी फरशीवाले आले. दोघे जण, छिन्नी-हातोडे आणि रिकामी पोती घेऊन. ते फाटकाशी उभे राहिले. लेक आणि जावई आले होते. जावई हा घरातल्या भांडणात वर्तमानपत्र वाचणारा सज्जन माणूस. आज वर्तमानपत्र नव्हतं म्हणून तो भिंतीवरचं घड्याळ बघत होता. मुलाने खुर्च्या आत नेल्या होत्या. सून पडदे काढत होती.

“चला, बाबा,” मुलगा खाटेशी येत म्हणाला. “तुम्हाला आत घेतो. दिवसभर धुरळा उडणार.”

“आई कुठेय?” लेकीने विचारलं. “रुसून बसली असेल.”

ती आतून आली. हातात मुकादमांची कपड्यांची पिशवी आणि औषधांची पिशवी होती. दोन्ही तिने खाटेच्या पायथ्याशी ठेवल्या.

“बाहेरच्या माणसांना परत पाठव,” ती मुलाला म्हणाली.

“आई, आता पुन्हा सुरू नको करूस…”

“सुरू काही करत नाही. ऐकून घ्या सगळ्यांनी. एकदाच सांगते.” ती उभीच होती. मुकादमांनी डोळे मिटून घेतले. “हे पडले त्या दिवशी मी त्यांना फाटकापासून बघितलं होतं. ओलं होतं. मी हाक मारली नाही.”

सुनेच्या हातातला पडदा तसाच राहिला.

“म्हणजे… राहून गेलं, असंच ना?” मुलगा म्हणाला.

“राहून गेलं नाही. मारली नाही. काल वॉकर जाजमात अडकत होता, तेव्हाही मी बघत उभी राहिले. ते स्वतः सावरले. विचारा त्यांना.”

कुणी विचारलं नाही. मुकादमांनी डोळे उघडले नाहीत, नाहीही म्हटलं नाही. लेक आईकडे बघत होती. तिला जे इतकी वर्षं सिद्ध करायचं होतं ते कुणीतरी तिच्या पुढ्यात आणून ठेवलं होतं, आणि ते उचलायला तिचे हात पुढे येत नव्हते.

“आई, तू थकली आहेस,” ती म्हणाली. “तुझी झोप नाही झालेली. तुला असं वाटतंय…”

“मला आधी फरशी, मग माणसं, असं तू गेल्या आठवड्यात म्हणालीस. बरोबर बोललीस. मला माझा भरवसा वाटत नाही. यांना तू घेऊन जा.”

“अगं, पण आमच्याकडे दोन खोल्या. पोरांच्या परीक्षा…”

“तुझ्याकडे जमत नसेल तर हा आणि ही बघतील, यांच्या खोलीत नेतील, नाहीतर दिवसाची बाई ठेवतील. ते तुम्ही बहीण-भाऊ बसून ठरवा. मी त्यांचं यापुढे काही करणार नाही. पाणीसुद्धा देणार नाही. आज तरी ते ताईकडे. जावईबापू, गाडी दाराशी आणा. फरशी उखडायची नाही.”

जावई उठला, बायकोकडे बघितलं आणि पुन्हा बसला.

“दुपारच्या गोळ्या मी वेगळ्या काढून ठेवल्यात,” ती लेकीला म्हणाली. “त्या तू द्यायच्या.”